नव्या प्रोटीनचा फ्लेक्स

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच, माहितीय मला. चहा तेवढा नाकातनं येऊ देऊ नका.

मी पीएचडी करतो. सहा वर्षं झाली! आमच्या जुळे सोलापुरात कुणी आईला विचारलं, "मुलगा काय करतो हो?" की आई म्हणायची, "कॉम्प्युटरवर असतो." बिचारीला पुढं सांगायला काही नसायचं.

आता तुम्हाला सांगतो. पेशीत डीएनएचा धागा गुंडाळलेला असतो. जिथं तो उलगडलेला असतो तिथं प्रोटीनं येऊन बसतात आणि जीन चालू-बंद करतात. त्या उघड्या भागावर आम्ही कात्री सोडतो, म्हणजे एक एन्झाइम. प्रोटीन बसलेलं असलं की तिला तिथं कापता येत नाही. न कापलेल्या जागा बघून माझं सॉफ्टवेअर ओळखतं, इथं कोण बसलंय. सोपंय की!

एका सकाळी सॉफ्टवेअरनं सांगितलं, ज्वारीच्या पेशीत हजारो जागी एकच प्रोटीन बसलंय, आणि ते कुठल्याच यादीत नाही. नवं प्रोटीन! माझ्या गाईड सरांना मेल टाकली आणि उत्तराची वाट न बघता आईला सांगितलं. इथंच माती खाल्ली.

आईनं वैरागच्या मामाला फोन लावला. दुपारी मला फ्लेक्सवाल्याचा फोन!

"भाई, वो नई प्रोटीन का फोटू भेजो ना."

"फोटो नसतो हो त्याचा."

"टेन्शन नक्को लेओ, मैं डालता कुछ तो बी."

संध्याकाळी चौकात फ्लेक्स उभा! 'सोलापूरच्या सुपुत्राने शोधले नवे प्रोटीन.' माझं तोंड ट्रॅक्टरच्या चाकाएवढं, शेजारी गॉगल लावलेला मामा, आणि मधे सहा उकडलेली अंडी.

आई नव्या साडीत. सगळ्या शेजारणींना सांगत होती, "आमच्या ह्यानं शोधलं!" मामानं माझ्या गळ्यात हार घातला आणि सरांचा फोन आला.

"अरे, कात्रीची खोड वजा केलीस का?"

डीएनएची काही अक्षरं त्या कात्रीलाच आवडत नाहीत. तिथं कुणी बसलेलं नसलं तरी ती कापत नाही. ते वजा करायला सॉफ्टवेअरात एक चौकोन आहे, त्यावर टिक करायची असते, ती मी केलीच नव्हती. चौकोन कुणी बनवला? मीच!

"प्रोटीनं धुऊन काढलेल्या डीएनएची फाईल आहे ना? ती चालव."

हारासकट घरात पळालो. चालवली. तिथंही तेच प्रोटीन, हजारो जागी!

परत चौकात येऊन म्हणालो, "मामा, प्रोटीन नाहीये."

"संपलं व्हय?"

"नव्हतंच."

"आरं, मग ही अंडी?"

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं माझ्या गळ्यातला हार काढला आणि म्हणाली, "चल, जेवून घे." तेच जास्त लागलं.

मामा फ्लेक्स गुंडाळून वैरागला घेऊन गेला. परवा त्याचा फोन.

"भाच्या, तुजा फ्लेक्स ज्वारीत उभा केलाय. लई भारी काम! कणसावर एक पाखरू बसंल तर शप्पथ!"

आता कुणी विचारलं, "मुलगा काय करतो हो?" तर आई ताठ मानेनं सांगते, "मामाच्या शेतात पाखरं राखतो!"