हर्षलाच्या आईचं जाळं

हे सांगायला बसले की मला तहान लागते. मग उठते, पाणी पिते, आणि सांगायचं राहून जातं. असं वर्षानुवर्षं चाललंय. नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि हर्षलाला तर नाहीच. आज तांब्या शेजारीच घेऊन बसलेय.

मी कायदा शिकवते. बँकिंग आणि वित्त — कर्ज, तारण, जप्ती, सगळं रुक्ष प्रकरण. तोंडाची मी फटकळ, पण शिकवते बरं, असं मुलं म्हणतात. तर याच विषयाच्या एल.एल.एम.ला मला प्रवेश कसा मिळाला, ते सांगायचंय. लेखी परीक्षेचे मार्क माझेच होते हो, त्यात काही खोट नाही. खोट पुढे आहे.

हर्षला थळची, कोळ्यांची. मी पोयनाडच्या आतल्या गावातली, भातशेतीवाल्यांची. अलिबागला कायदा शिकताना एका बाकावर बसलो आणि एका डब्यात जेवलो. मुंबईच्या एका कॉलेजात अर्जही दोघींनी मिळूनच केला. जागा थोड्या होत्या. मुलाखतीत "हाच विषय का?" हे हमखास विचारतात, असं सीनियर सांगायचे. माझ्याकडे त्याला उत्तरच नव्हतं. खरं उत्तर काय, तर नोकरी चांगली लागते. पण हे कोणी तोंडावर सांगतं का?

हर्षलाकडे उत्तर होतं. थळच्या वाळूत सुकत घातलेल्या जवळ्यावरून कावळे हाकलता हाकलता तिनं ते मला सांगितलं. बोट तिच्या काकाच्या नावावर, पण बोटीवरचं जाळं तिच्या आईचं. कोळ्यांत असतं असं — बोटीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा. मासळी विकून डिझेल-बर्फाचा खर्च काढला, की जाळ्याचा वाटा आईच्या हातात पडायचा. बाप नव्हता, घर त्यावरच चालायचं. काकाचे हप्ते थकले, बँकेनं बोट जप्त केली आणि बोटीबरोबर जाळंही गेलं. आई बँकेत जाऊन उभी राहिली — बोट न्या, जाळं माझं हाय. साहेब म्हणाले, कागद दाखवा. जाळ्याला कसला कागद? पावसाळाभर ते त्या बोटीत पडून राहिलं आणि उंदरांनी खाल्लं.

"मना हाच कायदा शिकायचाय गो," हर्षला म्हणाली. "कागदावर न्हाय म्हंजे न्हायच काय?"

मी म्हटलं, भारी आहे गं, हेच सांग. अगदी मनापासून म्हटलं. त्या वेळी तरी मनापासूनच.

मुलाखतीसाठी दोघी माझ्या मावशीकडे उतरलो. माझा नंबर आदल्या दिवशी, तिचा दुसऱ्या. समोर एक बाई आणि एक सर. बाईंनी विचारलं, हाच विषय का? पाठ करून नेलेलं माझं उत्तर दोन वाक्यांत संपलं. सर घड्याळ बघायला लागले. आणि माझ्या तोंडून निघालं — आमच्याकडे बोटीचा वाटा वेगळा असतो, जाळ्याचा वेगळा.

आमच्याकडे! आमच्याकडे भात असतो.

इथवर येऊनही मागे फिरता आलं असतं. मैत्रिणीच्या घरचं आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण सरांनी घड्याळ बघायचं सोडलं होतं. बाई पुढे वाकल्या होत्या. मग मी सगळं सांगितलं — बँक, साहेब, कागद. उंदीरसुद्धा. बाईंनी हळूच विचारलं, "या म्हणजे तुमच्या आई?"

मी मान हलवली.

तोंडानं हो म्हटलं नाही, असं मी फार दिवस स्वतःला सांगत होते. जसं काही मानेचं कोणी धरत नाही!

संध्याकाळी हर्षलानं विचारलं, काय काय विचारलं गो? मी म्हटलं, नेहमीचंच. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? तिला रात्रीत दुसरं काही जुळवता आलं असतं. लाज वाटली म्हणून गप्प बसले का? थोडी वाटली. पण खरं ते नाही. दोघींनी एकच गोष्ट सांगितली तर कोण खरी ठरणार, हे मला तेव्हाच नीट कळलं होतं — जी आधी सांगून आली ती. हे कळत होतं आणि मी पांघरूण घेऊन झोपले. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत आटोपल्यावर लाँचनं मांडव्याला परत निघालो. लोक समुद्रपक्ष्यांना वेफर्स घालत होते, पोरं ओरडत होती. हर्षला कठड्याला टेकून उभी होती. "बाई बोलल्या, ही गोष्ट कालच ऐकली आम्ही," ती म्हणाली. "वर बोलल्या, क्लासवाले पाठ करून देतात काय तुम्हाला?"

"मग?" मी म्हटलं.

"मी बोलले, माझ्या आईचं जाळं हाय ते. तर हसले."

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्याशिवाय तिनं ते कोणाला सांगितलं होतं? कोणालाच नाही. पण तिनं विचारलं नाही आणि मी बोलले नाही. मांडवा आलं, उतरलो, रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिलो.

यादीत माझं नाव लागलं, तिचं लागलं नाही. निघायच्या आधी मी थळला निरोप घ्यायला गेले — गेले की, केवढा तो निबरपणा! तिच्या आईनं सुक्या बोंबलांची पिशवी बांधून दिली. हॉस्टेलचं मिळमिळीत काय खाशील गो बाय, म्हणाली. ते बोंबील मी खाल्ले. चांगले होते.

पुढे ती गोष्ट माझीच होऊन बसली. दरवर्षी पहिल्या तासाला मी ती सांगते, वर्ग चिडीचूप होतो. एकदा माझी आई कॉलेजात आली होती. एका मुलीनं तिला गाठून विचारलं, "आजी, ते जाळं परत मिळालं का हो?" माझ्या आईनं जन्मात जाळं हातात धरलेलं नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. "मिळालं गो बाय," म्हणाली. त्यानंतर ती माझ्या कॉलेजात परत कधी आली नाही.

हर्षला आता अलिबागच्या कोर्टात वकिली करते. आम्ही भेटतो, हसतो, एकमेकींच्या मुलांची चौकशी करतो. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. वकिली सांभाळून करता येईल असा एल.एल.एम. आमच्या कॉलेजात सुरू होतोय, तिनं अर्ज केलाय. मला आनंद झाला — नाही, खोटं कशाला बोलू, पहिला विचार माझाच आला. मुलाखत घेणारे सगळे माझे सहकारी. माझ्या आईचं जाळं त्यांना तोंडपाठ आहे.

"तू आतली हायस," ती म्हणाली. "सांग ना, काय सांगू मुलाखतीत?"

किती सोपं होतं. आयतीच वाट समोर आली होती. मी म्हटलं, "जाळ्याचं नको गं. तेवढं सोडून काहीही सांग."

फोनमध्ये कोर्टाच्या आवारातला गलका ऐकू येत होता, कोणीतरी कोणाच्या तरी नावानं पुकारा करत होतं.

"दुसरं न्हाय गो माझ्याकडं," ती म्हणाली.

"बघ काहीतरी," मी म्हटलं, आणि तास आहे असं सांगून फोन ठेवला. तास नव्हता.