चन्नाप्पांचा कान

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत कुणी जुनी गाडी घ्यायची ठरवली, की तो आधी बँकेत जात नाही, चन्नाप्पांच्या घरी जातो. मुलगी बघायला निघताना घरातला एखादा जाणता माणूस पुढे घालतात, तसं गाडी बघायला चन्नाप्पांना पुढे घालतात. फरक इतकाच, की मुलीच्या बाबतीत जाणत्याचं ऐकलंच पाहिजे असं हल्ली राहिलेलं नाही.

चन्नाप्पांनी शहर बसच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली. स्वतःची चारचाकी मात्र कधी घेतली नाही. सायकलवरून हिंडतात. कारण विचारलं तर म्हणतात, "हलवाई कुठं पेढं खातोय?" त्यांची तपासायची रीत साधी होती. बोनेट उघडायचं नाही, खाली वाकायचं नाही. इंजिन चालू करायला सांगायचं, डोळे मिटायचे, उजवा कान गाडीकडे करायचा आणि हात वर करायचा. हात वर गेला की सगळे गप्प. या मुलखात पाच माणसं एका जागी गप्प बसण्याचे प्रसंग मोजकेच. एक मयताला आणि दुसरा चन्नाप्पांचा हात वर असताना. मग डोळे उघडून ते "घ्या" म्हणत, नाहीतर "सोडा". कारण सांगत नसत. कारण न सांगणाऱ्या माणसाला आपल्याकडे जो मान आहे तो कारणं सांगणाऱ्याला कधीच मिळाला नाही.

या कानाला तीन वर्षांपूर्वी ऐकू येईनासं झालं.

अगदी ठार बहिरेपण नव्हे. समोर उभा राहून कुणी बोललं तर सगळं कळे, आणि कोल्हापूरकडे माणूस समोरच उभा राहतो आणि पलीकडच्या बांधावरच्यालाही कळावं अशा बेतानंच बोलतो. बहिरं व्हायला याहून सोयीचा जिल्हा महाराष्ट्रात नसेल. गेले होते ते बारीक, चिरके आवाज: पालीची चुकचुक, कुकरची शिट्टी, पट्ट्याची किरकिर, बेअरिंगची गुणगुण. म्हणजे ज्यांच्यावर चन्नाप्पांचं नाव उभं होतं, नेमके तेच. गावात हे कुणालाही कळलं नाही. कळलं फक्त बायकोला, कारण शिवलीलाबाई निपाणीकडच्या, नवऱ्याला कानडी वळणानं 'री' म्हणणाऱ्या आणि हळू बोलणाऱ्या.

"री, कान दाखवून या की एकदा," त्या म्हणाल्या होत्या.

"कुणाला? माझा कान तपासंल आसा कोण हाय कोल्हापुरात?"

विषय तिथंच संपला. चन्नाप्पांनी धंदा मात्र सोडला नाही, पद्धत बदलली. डोळे मिटायचे ते दोन्ही न मिटता डावा किलकिला ठेवायचा आणि विकणाऱ्याकडे बघायचं. इंजिन खोटं बोलत असलं की मालक फार बोलतो. "डॉक्टरची गाडी हाय," "बायकोच वापरायची," "एका हाताची हाय" असं ऐकवू लागला, की चन्नाप्पा "सोडा" म्हणत. गंमत म्हणजे कान गेल्यापासून त्यांचे अंदाज पूर्वीपेक्षा जास्त खरे ठरू लागले. गावात म्हणू लागले, आप्पांचा कान वयाबरोबर तयार होत चाललाय.

शेजारची रुद्राणी हातकणंगल्याजवळच्या एका शाळेत शिकवते. दोन एसट्या बदलून कंटाळली आणि तिनं गाडी घ्यायचं काढलं. शिरोळला विजयसिंह म्हणून एकांची छोटी लाल गाडी होती. नवरा महांतेश आणि चन्नाप्पांना घेऊन ती बघायला गेली. विजयसिंहांनी चहा दिला, किल्ली दिली आणि खुर्चीत बसून राहिले. एक शब्द नाही. चन्नाप्पांनी आयुष्यात असा विकणारा पाहिला नव्हता. आपल्याकडे गप्प बसणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर सच्चा. विजयसिंह आजारी दिसत नव्हते.

"घ्या," चन्नाप्पा म्हणाले.

गाडी मुलाची होती, मुलगा पुण्याला होता आणि विजयसिंहांना गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे नंतर समजलं.

पंधरा दिवस गाडी गुणाची वागली. सोळाव्या दिवशी रुद्राणी चन्नाप्पांच्या दारात आली.

"आप्पा, ब्रेक दाबला की आवाज यायलाय. किर्रर्र करून. पुढच्या चाकाकडनं."

"चल बघू."

हायवेपर्यंत जाऊन आले. चन्नाप्पा शेजारी बसले, डोळे मिटले, हात वर केला. रुद्राणीनं चार वेळा ब्रेक दाबला. त्यांनी डावा डोळा किलकिला करून तिच्याकडे पाहिलं; पण बारा वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलेल्या बाईच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. कानात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही.

"काय न्हाय," ते म्हणाले. "धूळ हाय. जाईल."

"आप्पा, आता आला की आवाज."

"अगं धुळीचा."

घरी महांतेशनं विचारलं. तिनं सांगितलं.

"आप्पा न्हाय म्हटले न्हवं? मग झालं की."

"खरं मला ऐकू यायलाय त्याचं काय?"

"दिवसभर पोरांचा दंगा ऐकत्यास. भास हुतो मानसाला."

पुढचा महिनाभर गडमुडशिंगीत जे चाललं त्याला श्रद्धा म्हणतात. रुद्राणीची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली आणि ब्रेक लागला, की पत्र्यावर खिळा ओढावा तसा चिरका आवाज निघे. कट्ट्याखालची कुत्री उठून पलीकडे जात. कट्ट्यावरची माणसं उठत नसत.

"धूळ लई हाय यंदा," एकजण म्हणे.

"आप्पांनी सांगितलंय की," दुसरा म्हणे.

रुद्राणी दोनदा गाडी मिस्त्रीकडे न्यायला निघाली आणि दोन्हीदा सासऱ्यांनी अडवलं. चन्नाप्पांनी पास केलेली गाडी दुसऱ्याला दाखवायची म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर मारल्यासारखं. उद्या कुठल्या तोंडानं त्यांच्याकडे साखर मागायला जायचं? ती गप्प बसली. कानात बोटं घालून मात्र बसता येईना, कारण दोन्ही हात स्टेअरिंगवर.

रविवारी जोतिबाला जायचं ठरलं. गाडी घेतल्यापासून देवाला दाखवली नव्हती. सासू, सासरे, नवरा, दोन पोरं. शुक्रवारी शिवलीलाबाईंनी चन्नाप्पांच्या समोर बसून, त्यांना दिसेल असं तोंड करून सांगितलं.

"री, परवा जोतिबाला निघाल्यात ती सगळी."

"जाऊ देत की. बरंय."

"घाट हाय."

"घाट कवापास्नं हाय तितं."

"गाडी वाजत्या. मला हितं सैपाकघरात ऐकू येतंय." मग त्या म्हणाल्या, "तुमास्नी येत न्हाई ते मला ठावं हाय. तिला ठावं न्हाई."

 चन्नाप्पा जेवले नाहीत असं नाही. पण भाकरीचा एक तुकडा पुष्कळ वेळ आमटीत बुडवून धरला होता.

शनिवारची शाळा सकाळची. साडेअकराच्या सुमाराला ते कट्ट्यासमोर जाऊन उभे राहिले. लाल गाडी वळली, ब्रेक लागला. चन्नाप्पांना ऐकू आलं नाही. दिसलं. कट्ट्यावरच्या पाच माणसांचे चेहरे एकदम चिंच खाल्ल्यासारखे झाले, शेजारच्या हॉटेलवाल्यानं खांदा कानाला लावला, एक कुत्रं शेपूट घालून गटारीपलीकडे गेलं. आणि मग त्या पाचही जणांनी चेहरे सरळ केले आणि मोठ्या विश्वासानं चन्नाप्पांकडे पाहिलं.

एकतीस वर्षांत इंजिनानं त्यांना इतकं घाबरवलं नव्हतं.

ते गाडीमागोमाग दारापर्यंत गेले. रुद्राणी उतरत होती. चन्नाप्पा खाली वाकले, वर्कशॉप सोडल्यापासून पहिल्यांदाच. पुढच्या उजव्या चाकाला हात लावला, कोमट. डाव्या चाकाच्या मधोमध लावला आणि झटक्यानं मागे घेतला. बोटं भाजली होती. चाकाच्या फटीतून आत पाहिलं. ब्रेक लागतो तेव्हा चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. बाहेरचा पॅड चांगला जाड दिसत होता. त्यावर क्षणभर त्यांना बरं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. बाहेरचा पॅड म्हणजे पुढच्या सोप्यात बसलेला कर्ता पुरुष. येणाऱ्याजाणाऱ्याला तोच दिसतो. झिजतं ते आतलं माणूस.

"गाडी गुंडूकडं घे," ते म्हणाले. "आत्ता."

"कशाला? धूळ काढाया?" रुद्राणीनं शांतपणे विचारलं.

चन्नाप्पा गाडीत बसले.

गुंडू मिस्त्रीचं गॅरेज उद्यमनगरात. उद्यमनगराची एक खासियत आहे: ज्याची गाडी दुरुस्त होत नसते तोही तिथं उभा असतो. चन्नाप्पा आलेत म्हटल्यावर शेजारच्या लेथवाल्यासकट सात-आठ जण जमले. आप्पा कान लावणार, म्हणून कुणीतरी आपला रेडिओही बंद केला.

चन्नाप्पांनी कान लावला नाही. "डावं पुढचं काढ," एवढंच म्हणाले.

गुंडूनं जॅक लावला, चाक काढलं, ब्रेकचा चिमटा सोडवला आणि दोन पॅड तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवले. बाहेरचा जवळजवळ नवा. आतल्याचा मसाला संपून नुसती लोखंडी पट्टी राहिली होती आणि ती लोखंडावरच घासत होती. तबकडीच्या आतल्या बाजूला बोट अडकेल असे चरे पडले होते.

"चिमटा जिच्यावर सरकतोय ती पिन जाम हाय," गुंडू म्हणाला. "गंजल्या. मग आतलाच पॅड दाबून धरतोय, बाहेरचा नुस्ता बघत बसतोय. आप्पा, ह्यो आवाज म्हैनाभर तरी येत आसंल. निदान."

सगळे चन्नाप्पांकडे बघू लागले. लेथवाल्यानं वाट काढून दिली. "घाटातच वाजत आसंल ते. सपाटीला कळत न्हाई काय वेळंला."

वाट सोपी होती. मान हलवली असती तरी भागलं असतं.

"सपाटीलाच वाजत हुतं," चन्नाप्पा म्हणाले. "मला ऐकू येत न्हाय. तीन वर्सं झाली."

 मग गुंडू हसला, आणि बाकीचेही सुटल्यासारखे हसले.

"आप्पा, एवढं मनाला लावून घिऊ नका की. चुकतंय एकादं."

"चुकलं न्हाय. ऐकू येत न्हाय."

"बघा," लेथवाला बाकीच्यांना म्हणाला, "मोठी मानसं अशी आसत्यात. दुसरा आसता तर गाडीवर ढकललं आसतं."

चन्नाप्पांनी आयुष्यात सांगितलेली ही सगळ्यात खरी गोष्ट, आणि ती त्यांचा नम्रपणा म्हणून जमा झाली. एकट्या रुद्राणीला खरं वाटलं. ती पुढे येऊन त्यांच्या अगदी समोर उभी राहिली.

"म्हणजे म्हैनाभर मला ऐकू येत होतं," ती म्हणाली, "आणि तुमास्नी येत नव्हतं. आणि भास मला?"

"व्हय," चन्नाप्पा म्हणाले.

"उद्या पोरांना घिऊन मी घाट उतरणार होते."

"व्हय."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. वर्गात अशा वेळी ती पोराला बाकावर उभं करते. पण समोर पासष्टीचा माणूस भाजलेली बोटं दुसऱ्या हातात धरून उभा होता, आणि तो आधीच बाकावर उभा राहिल्यासारखा दिसत होता. ती गुंडूकडे वळली.

"किती वेळ लागंल?"

दुपार गेली. तबकडीची जाडी मोजली. अजून जीव होता, म्हणून लेथवर चढवून चरे जाईपर्यंत हलका हात फिरवला. पिना काढून, घासून, ग्रीस लावून पुन्हा बसवल्या. एकाच बाजूचे पॅड बदलले तर गाडी एकीकडे ओढते, म्हणून चारही नवे टाकले. शेवटी गुंडूनं पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट झालं का ते बघितलं आणि किल्ली सवयीनं चन्नाप्पांपुढे धरली.

"आप्पा, एक चक्कर मारा. काय म्हणतोय कान बघू."

"तिच्याकडं दे," चन्नाप्पा म्हणाले. "ऐकणार ती हाय."

रुद्राणी एकटीच गेली. परत येऊन म्हणाली, "न्हाय आवाज." जमलेले लोक चन्नाप्पांनी मान हलवायची वाट बघत राहिले. त्यांनी हलवली नाही, तेव्हा नाइलाजानं पांगले.

रविवारी जोतिबा झाला. घाट उतरताना महांतेश दोनदा म्हणाला, "बघ, आवाज न्हाय."

"आवाज न्हाय ते बरं ऐकू आलं तुमास्नी," रुद्राणी म्हणाली. सासूबाई मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसल्या.

पुढच्या आठवड्यात गावातले भाऊसो चन्नाप्पांच्या घरी आले. हातकणंगल्यात एक गाडी बघायची होती. चन्नाप्पांनी पुन्हा सगळं सांगितलं. भाऊसोंनी ते ऐकून घेतलं, जसं माणूस यजमानाचं "आमचं कसलं जेवण, मीठभाकर" ऐकून घेतो.

"मग कवा निघायचं?" त्यांनी विचारलं.

"रुद्राणी आली तर येतो. न्हाईतर न्हाय."

"बाईमानसाला गाडीतलं काय कळतंय, आप्पा?"

"ऐकू येतंय."

भाऊसोंनी विचार केला. आप्पा येणार तर बाईही येईना का, असा हिशेब करून ते तयार झाले. रुद्राणीनं आढेवेढे घेतले, मग शाळा सुटल्यावर येते म्हणाली. कुठला आवाज कशाचा, आणि वळताना वाढला तर बाहेरच्या बाजूचं चाक धरायचं, हे चन्नाप्पांनी तिला वाटेत सांगून ठेवलं.

हातकणंगल्यात गाडी विकणाऱ्या पाहुण्यांनी (आपल्याकडे अनोळखी माणूस पाहुणाच) पहिल्यांदा चन्नाप्पांना खुर्ची दिली. चन्नाप्पांनी ती रुद्राणीकडे सरकवली. ती बसली नाही. गाडी घेऊन रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन आली आणि उतरून म्हणाली, "वेग वाढला की गुणगुणायला लागत्या. उजवीकडं वळवली की वाढतंय. डाव्या चाकाचं बेअरिंग बघून घ्या."

पाहुण्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते हसून चन्नाप्पांना म्हणाले, "आप्पा, तुमी सांगा. ह्या काय म्हणत्यात?"

"मला ऐकू येत न्हाय, पावणं," चन्नाप्पा म्हणाले. "तुमाला येतंय न्हवं?"

पाहुणे भाऊसोंकडे बघू लागले. भाऊसो चन्नाप्पांकडे बघू लागले. चन्नाप्पा रुद्राणीकडे बघत होते.  शेवटी पाहुण्यांनी डिकी उघडली आणि जॅक काढला.