लेखी द्या

डोंबिवलीच्या शाळेत मी आणि माझी मैत्रीण एकाच दिवशी रुजू झालो. ती गणिताची, मी मराठीची. रुजू होण्याची तारीख एक असेल तर वयाने मोठा तो सेवाज्येष्ठ, असा नियम. मी तिच्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठी. हे अकरा दिवस तिने बावीस वर्षं वापरले. जिना चढताना हात धरायला यायची, "सावकाश हं आजी" म्हणायची, तेही दहावीच्या वर्गासमोर.

मग मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्याच अकरा दिवसांच्या जोरावर मी प्रभारी मुख्याध्यापिका झाले. तिने पेढे आणले. स्टाफला वाटले, मला दोन दिले. त्या दिवशी तरी सगळं ठीक होतं.

जूनमध्ये मी वेळापत्रक लावलं. तिसऱ्या दिवशी ती तरातरा खाली आली. केबिनमध्ये आमचे हेडक्लार्क हजेरीपत्रक घेऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"अगं, नववी बचं गणित शेवटच्या तासाला? रोज? आपण दोघी इतकी वर्षं कशासाठी भांडलो मग?"

भांडलो होतो हे खरं. गणित शेवटच्या तासाला नको म्हणून आम्ही दोघी जुन्या सरांकडे दर जूनमध्ये जायचो आणि ते प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर द्यायचे. त्यांची नक्कल स्टाफरूममध्ये सगळ्यांत चांगली मीच करायचे. आताही मला मोह आवरला नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि त्यांच्याच खर्जात म्हणाले, "लेखी द्या."

ती हसेल असं वाटलं होतं. हसलीही असती, पण तिच्या आधी हेडक्लार्क हसले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि तडक वर गेली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर अर्ज. 'मा. मुख्याध्यापिका महोदया यांच्या सेवेशी', खाली 'आपली आज्ञाधारक'. अक्षर मोत्यासारखं. बावीस वर्षं जी मला 'अगं ए' म्हणत आली, तिने 'आपण' लिहिलं होतं. मी तेव्हाच वर जायला हवं होतं. स्टाफरूम दुसऱ्या मजल्यावर, बत्तीस पायऱ्या. त्याऐवजी मी लेटरहेड मागवलं आणि जावक क्रमांक टाकून कळवलं, की विषय विचाराधीन आहे.

दोन दिवसांनी दुसरं पत्र आलं. स्टाफरूमच्या खिडकीची कडी गंजली आहे, खिडकी उघडण्यास परवानगी मिळावी. मी उत्तर दिलं की अर्जात खिडकीची दिशा नमूद नाही, त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावा. तिने नकाशा जोडला. कंपासपेटी घेऊन काढलेला, उत्तर दिशेच्या बाणासकट, कोपऱ्यात प्रमाण दिलेलं. मी केबिनचं दार लावून पोट धरून हसले. वर स्टाफरूममध्येही माझं पत्र वाचून ती हसली होती, असं नंतर कळलं. एकाच विनोदावर आम्ही दोघी दोन वेगवेगळ्या मजल्यांवर हसत होतो.

खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. शाळा सुटल्यावर रिक्षाच्या रांगेत उभी राहून मी उद्याच्या पत्रातले शब्द जुळवायचे. फक्त मधल्या सुट्टीत डबा एकटीने खावा लागायचा. आधी तिची भेंडी माझ्या डब्यात आणि माझी चटणी तिच्या डब्यात असायची. आता मी भिंतीवरच्या माजी मुख्याध्यापकांच्या फोटोंसमोर जेवत होते.

पत्रं पोचवायचं काम शिपाई मावशींकडे होतं. पंधरा दिवस त्यांनी मुकाट्याने सोसलं. मग एका सकाळी पत्र घ्यायला हातच पुढे केला नाही. म्हणाल्या, "मॅडम, भांडण वर ठेवा नायतर खाली ठेवा, पन एका जागी ठेवा. माझे गुडघे गेले."

तेवढ्यात वार्षिक तपासणी आली. विस्तार अधिकारी आले, फाइली मागितल्या. अख्ख्या शाळेत एकच फाइल अद्ययावत होती, म्हणून हेडक्लार्कनी मोठ्या अभिमानाने तीच वर ठेवली. मी डोळ्यांनी खुणावत राहिले, पण उशीर झाला होता. साहेबांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. चहा निवला. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. नकाशापाशी त्यांनी फाइल आडवी धरली आणि संबंधित शिक्षिकेला बोलवायला सांगितलं.

ती आली, उभीच राहिली.

"मॅडम, खिडकी उघडली का?"

"नाही सर. नकाशा मंजुरीसाठी प्रलंबित आहे."

मी टेबलाच्या काचेकडे पाहत बसले. तिच्याकडे पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

साहेबांनी फाइल मिटली आणि माझ्याकडे वळले. "पत्रव्यवहार नमुनेदार आहे. फक्त पहिला अर्ज अजून विचाराधीनच दिसतो." एवढं बोलून ते स्वच्छतागृहं बघायला गेले.

आम्ही दोघीच उरलो. पंखा गरगरत होता. काहीतरी बोलणं भाग होतं.

"नववी बला शेवटच्या तासाला बाकावर बसवून ठेवेल अशी शाळेत तू एकटीच आहेस," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणाला दिला तर अर्धा वर्ग मैदानात असतो."

"मग हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस तर तुला हुकूम द्यावा लागला असता. तो मला देता आला नसता."

ती खुर्ची ओढून बसली. "चहा सांग," म्हणाली. "आणि तोंडी सांग."

चहा पिताना घासाघीस झाली. आठवड्यातले चार शेवटचे तास तिने ठेवले, दोन मी घेतले. मुख्याध्यापिका झाले म्हणून व्याकरण सुटलं नव्हतंच, ते नववी बच्या माथी मारलं. खिडकी मावशींनी वरवंट्याचा एक ठोका घालून उघडली. त्याला कोणाची परवानगी लागली नाही.

पुढच्या जूनमध्ये मी वेळापत्रक करायचं काम तिच्याकडे दिलं. आढेवेढे न घेता तिने ते घेतलं. गणितवाल्यांना वाटतं, की सगळ्या गोष्टींना उत्तर असतं. रविवारभर चौकटी आखून तिने सोमवारी सकाळी तक्ता फलकावर लावला. अर्ध्या तासात ती माझ्या केबिनमध्ये शिरली आणि मागे दाराची कडी घातली. हिंदीच्या बाई आणि क्रीडाशिक्षक दोघंही तिला शोधत होते. दोघांनाही शनिवारचा पहिला तास नको होता.

"काय सांगू त्यांना?" तिने कुजबुजत विचारलं.

बाहेर पावलं वाजली. मी उठून दिवा बंद केला, मग पंखाही. दारावर टकटक झाली. "मॅडम आहेत का आत?" क्रीडाशिक्षकांचा आवाज मैदानात शोभेल असा.

मावशी बाहेर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की दोन्ही मॅडम कल्याणला मीटिंगला गेल्यात.

आम्ही अंधारात, घामाघूम, तोंडावर रुमाल दाबून बसून राहिलो. तिने हळूच पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढली आणि आवाज न करता तिचे दोन तुकडे कसे करायचे, याचा विचार करू लागली.