सागवानी पाठीची गिटार

लालबर्र्याच्या एका सुताराने मला फुगीर पोटाच्या जुन्या जाझ गिटारची हुबेहूब नक्कल हाताने घडवून दिली. पाठीसाठी सागवानी फळी मी आमच्या बालाघाटच्या घरातून नेली होती. थोरल्या भावाने ती नव्या घराच्या दरवाजासाठी राखली होती आणि मी त्याला विचारलं नव्हतं. कळल्यावर तो कुऱ्हाड घेऊन माझ्या खोलीत शिरला.

"माया दरवाजा वाजवून राह्यला काय बे?"

"थांब न भाऊ, दुसरी आणून देतो तुले."

त्याने गिटारवर घाव घातला. मी डावा हात मध्ये घातला. दोन बोटं तुटली, पातं घसरून पलंगात रुतलं, गिटार वाचली. भाऊ रडत माझा हात स्वतःच्या शर्टात गुंडाळत होता. मी त्याला सांगत होतो, आधी लाकडावरचं रक्त पूस.