गुरुवारची ऊब

लॉरेन ब्लँचर्डला आमच्या गल्लीत सगळे ‘वीजवाली’ म्हणायचे. ती ना वीज कंपनीत होती, ना तिला साधा फ्यूज बदलता येत होता. सत्तावीस वर्षं शाळेत पोरांना मटार-बटाटे वाढून निवृत्त झाली, घरी बसवेना, म्हणून हे खूळ डोक्यात घेतलं. दर गुरुवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटांची बैठक असते. तिथे ती लॅपटॉप उघडून बसायची. लोकांनी आपापली विजेची, गॅसची बिलं आणायची, तिने ते आकडे कंपन्यांच्या दरांची तुलना करणाऱ्या वेबसाइटवर भरायचे, आणि यादीत सगळ्यात वर जी स्वस्त कंपनी दिसेल तिच्याकडे त्यांना वळवून द्यायचं. एक पैसा न घेता! आमच्या ग्रिम्सबी बंदरात मासळीचा धंदा बसल्यापासून लोकांना कुणी फुकट काही दिलेलं नव्हतं, त्यामुळे रांग लागायची.

हॉलच्या भिंतीवर छप्पर दुरुस्तीच्या वर्गणीसाठी पुठ्ठ्याचा एक उंचच उंच थर्मामीटर टांगलेला होता; वर्गणी जमेल तसा त्यात लाल रंग वर चढवायचा. लॉरेनने त्याच्या शेजारी आपला दुसरा टांगला. वेबसाइटने वर्षाकाठी किती वाचतील ते सांगितलं, की ज्याचं बिल त्याने उठून तेवढा लाल रंग भरायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. छपराचा थर्मामीटर तळाशीच रेंगाळला होता. लॉरेनचा गळ्यापर्यंत आला होता, आणि तिला त्याचा अभिमान होता. का नसावा?

तिचा नवरा क्लाइव्ह तेवढा टाळ्या वाजवायचा नाही.

“ती वेबसाइट म्हणजे काय चर्चची दानपेटी आहे?” तो म्हणायचा. “तू एक गिऱ्हाईक वळवलंस की कंपनी तिला दलाली मोजते. तू म्हणजे त्यांची बिनपगारी पोरगी.”

“लोकांचे वाचतात ना? मग तुझं काय जातंय?”

“माझं काय जातंय? दर गुरुवारी जेवण गार होतंय माझं!”

ऑक्टोबरमध्ये या रांगेत विनी टास्कर येऊन बसली. वय त्र्याऐंशी. नवरा मासेमारीच्या ट्रॉलरवर होता, तो जाऊन वीस वर्षं झालेली. स्वतः बंदरावर जाळी विणायची. बोटं अजून वाकडीच आहेत. लॉरेन नऊ वर्षांची असताना तिची आई दोन महिने इस्पितळात होती, तेव्हा याच विनीने तिला रोज संध्याकाळी घरी नेऊन जेवू घातलं होतं. लॉरेन ते विसरलेली नव्हती. विनीचं बिल तिने सगळ्यांच्या आधी हातात घेतलं.

विनीच्या वरच्या मजल्यावरच्या घरात गॅस नाही. भिंतीला विटांचे जाडजूड हीटर आहेत; रात्रीची वीज स्वस्त असते तेव्हा ते तापून बसतात आणि दिवसभर हळूहळू ऊब सोडतात. म्हणून मीटरवर आकड्यांच्या दोन ओळी, एक दिवसाची, एक रात्रीची. वेबसाइटने कुणी ऐकलेलीही नाही अशी एक नवी कंपनी दाखवली आणि सांगितलं, वर्षाला एकशे बारा पौंड वाचतील.

“एकशे बारा!” विनी म्हणाली. “अगं पोरी, आता मी करू तरी काय एवढ्या पैशाचं?”

“हीटर जोरात लावा आणि पाय पसरून बसा,” लॉरेन म्हणाली. विनीने वाकड्या बोटांनी लाल रंग भरला, जरा रेषेबाहेरच गेला. टाळ्या पडल्या. पुढच्या आठवड्यात लॉरेन स्वतः जिन्याखालच्या कपाटात वाकून मीटरचे आकडे लिहून आली आणि नव्या कंपनीला कळवून मोकळी झाली.

जानेवारीत विनी दोन गुरुवार हॉलमध्ये दिसली नाही. सर्दी असेल, असं सगळे म्हणाले. मग एका सोमवारी लॉरेन दातांच्या डॉक्टरकडून बसने येत होती, तर मागच्या बाकावर कोट, टोपी, मफलर असा जामानिमा करून विनी झोपलेली. लॉरेनचा थांबा आला तरी ही उठेना.

“ह्यांना उतरायचं नाही का?” तिने ड्रायव्हरला विचारलं.

“त्या? छे! साडेनऊला म्हाताऱ्यांचा फुकट पास चालू होतो की चढतात. इथून समुद्रापर्यंत, परत, पुन्हा समुद्रापर्यंत. बसमध्ये उबदार असतं ना. मी काही बोलत नाही.”

लॉरेन उतरायचं सोडून मागे गेली. तिने विनीला हलवून उठवलं. विनी आधी लाजली, मग म्हणाली, “हवा पालटायला निघाले होते गं,” आणि पुढचं वाक्य खोकल्यातच गेलं. लॉरेनने काही ऐकलं नाही, हाताला धरून तिला घरी घेऊन गेली.

घरात तोंडातून वाफ निघत होती. लॉरेनने हीटरवर हात ठेवला. दगडासारखा गार. सगळ्या खोल्यांतले हीटर भिंतीवरच्या बटणापासून बंद. घड्याळामागे कंपनीचं पत्र खोचलेलं होतं: महिन्याचा हप्ता अठ्ठावन्नवरून एकशे सत्तावीस पौंड.

“मिसेस टास्कर, हे नोव्हेंबरचं पत्र आहे! मला सांगितलं का नाहीत?”

“तू किती खूश होतीस गं,” विनी म्हणाली. “सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तो रंग भरला. त्यावर काय सांगायचं? मला वाटलं, वेबसाइटचं बरोबरच असणार, मीच काहीतरी उधळपट्टी करतेय.”

लॉरेन जिना उतरून कपाटात शिरली. या वेळी तिने चष्मा लावला. गल्लीतल्या साऱ्या मीटरवर वरची ओळ दिवसाची असते. विनीचा मीटर मध्यंतरी बदललेला होता; तिथे वरची ओळ रात्रीची होती. मुंगीएवढ्या अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. दोन्ही आकडे तिने उलटे कळवले होते. तीन महिने विनीच्या रात्रीच्या उबेला दिवसाचा महाग दर लागत होता. कुणाच्या हातून? लॉरेनच्याच. तिथे झाडू-बादल्यांच्या शेजारी बसून ती ढसाढसा रडली.

मग सहा आठवडे फोन. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवी माफी, तेच संगीत. क्लाइव्ह शेजारी बसून राहायचा, टोमणा एकही मारला नाही त्याने. हेच तिला जास्त लागायचं. शेवटी कंपनीने आकडे सरळ केले, जास्तीचे पैसे परत केले. तेव्हा खरा हिशोब कळला. विनी बरीचशी वीज रात्रीच वापरते, आणि वेबसाइटने मात्र सरासरी घराचा अंदाज धरून गणित केलं होतं. वर्षाला वाचले असते ते अवघे एकोणीस पौंड.

लॉरेनने बाकीच्यांचीही बिलं परत मागवली. काहींचे खरंच वाचले होते. काहींचे वर्षभर वाचले आणि मुदत संपल्यावर कंपनीने दर असा चढवला की होतं तेही गेलं. तिने थर्मामीटर उतरवला. “छान दिसायचा गं तो,” कुणीतरी म्हणालं, आणि लॉरेन त्या बाईवर खेकसली.

आता प्रश्न उरला होता विनीच्या खोकल्याचा. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा छाती भरली तर या वयात काही सांगता येत नाही. घर उबदार ठेवा. विनीने वचन दिलं. दर गुरुवारी बैठक संपली की लॉरेन तिला घरी पोचवायची आणि आधी हीटरवर हात ठेवायची. गरम असायचा. “बघ, आहे की नाही?” विनी म्हणायची. लॉरेनला हायसं वाटायचं.

मार्चमध्ये एका मंगळवारी लॉरेन सहज, सारण भरून भाजलेली पाई घेऊन विनीकडे गेली, न सांगता. विनीने कोट घालूनच दार उघडलं. लॉरेनने हीटरवर हात ठेवला. गार. अगदी गार.

हे हीटर आयत्या वेळी तापत नाहीत. गुरुवारी गरम हवा तर बुधवारी रात्रीच बटण दाबावं लागतं. लॉरेन तशीच उभी राहिली आणि हळूहळू तिला उमगलं. सगळा आठवडा विनी गारठ्यात बसत होती आणि फक्त बुधवारी रात्री हीटर लावत होती. लॉरेनच्या हाताला गार लागू नये म्हणून.

“अहो, दर आता बरोबर आहे. कंपनीने लिहून दिलंय. मी स्वतः बघितलं.”

“मागच्या वेळीही तू स्वतःच बघितलं होतंस ना गं,” विनी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. खरं होतं ते.

लॉरेनने पाई ओव्हनमध्ये ठेवली, दोन ताटल्या काढल्या, दोघी कोट घालूनच जेवल्या. निघताना ती दारात थांबली.

“मी उद्याही येईन, मिसेस टास्कर.”

“उद्या? उद्या तर बुधवार.”

“हो. उद्या येईन.”

बुधवारी हीटर गरम होता; विनीने मंगळवारी रात्रीच बटण दाबलं होतं. लॉरेनने हात ठेवला, दोघींनी चहा घेतला, आणि उठताना ती म्हणाली, “उद्या येते हं.” गुरुवारीही तेच म्हणाली, शुक्रवारीही. आता एप्रिल सरत आला. समुद्रावरून येणारं वारं अजून बोचतंय, आणि लॉरेन रोज चार वाजता तो जिना चढते. गुडघा दुखतो, क्लाइव्हचा चहा राहतो. पण निघताना दारात थांबून “उद्या येते” म्हणायला ती एकदाही विसरलेली नाही.