हात पडले होते, गोष्ट चालू होती

"हा जीबीएस आहे. गुलेन-बारे सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. जंतूंशी लढणारी अंगातली ताकद आपल्यावरच उलटते आणि नसांवरचं आवरण कुरतडते, असं त्यांनी समजावलं. वायरवरचं प्लास्टिक सोलल्यासारखं. अंबडच्या कारखान्यात स्विच जोडायच्या लाइनवर माझी सहा वर्षं गेलीत, त्यामुळे वायरचं मला लगेच कळलं.

मी विचारलं, "हात परत येतील ना? मला लिहायचं असतं."

"ऑफिसात आहात?"

"नाही. गोष्टी लिहिते."

"अरे वा. कुठे छापून येतात?"

"कुठेच नाही."

त्यांनी मान हलवली आणि नर्सला पुढचं सांगायला लागले. हातांचं उत्तर तेवढं राहून गेलं.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये, पण सुरुवात कशी झाली ते सांगून ठेवते. आधी जुलाब झाले आणि थांबले. मग दोन आठवड्यांनी पायाला मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी बोटांतून स्क्रू निसटायला लागले. खोलीजवळच्या डॉक्टरकडून ताकदीचं इंजेक्शन घेतलं आणि दोन दिवस वाट बघितली. ती आमची चूक. तिसऱ्या दिवशी जिना चढवेना. मुंग्या पायांकडून वर सरकत असतील तर इंजेक्शनवर थांबू नका, मोठ्या दवाखान्यात जा.

लंबर पंक्चर केलं, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं. एनसीव्ही केली, म्हणजे नसांना बारीक करंट देऊन तो त्यांतून किती वेगाने धावतो ते बघितलं. मग आयव्हीआयजी सुरू झालं. ते दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं औषध, पाच दिवस सलाइनमधून. कोणाचं रक्त होतं, देव जाणे. त्या सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

खरी भीती श्वासाची. रोज सकाळी डॉक्टर एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. पहिल्या दिवशी बावीस आले, दुसऱ्या दिवशी सोळा, तिसऱ्या दिवशी अकरा. "अजून खाली गेलं तर व्हेंटिलेटर लागेल," ते म्हणाले.

हे ऐकून माझा नवरा खाटेपाशी आला. आम्ही वाशीमकडचे. इथे आमचं रक्ताचं कोणी नाही. तो डोळे पुसत म्हणाला, "भेऊ नको वं. तुले काई झालंच, तर मी तुह्या साऱ्या वह्या छापून आणीन. पुस्तक काढीन."

आमच्या तेरा वर्षांच्या संसारात एवढं मोठं तो कधी बोलला नव्हता. आणि मला आला राग. "मेल्यावर छापून मी काय करू? मले जितेपणी लिहू द्या!" म्हणता म्हणता धाप लागली. नर्सने त्याला बाहेर काढलं. बिचारा.

पण ते तोंडून निघालं आणि मलाच कळलं. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून लिहिते. अकरा वह्या झाल्या. एकही कोणी वाचलेली नाही. छापायला दिल्या नाहीत, कारण कोणी हसेल याची भीती होती. खोटं कशाला बोलू? पण छापून येईल म्हणून मी गोष्ट कधीच लिहिली नाही.

हात हलत नव्हते, म्हणून मी डोक्यात लिहायला लागले. एक बाई चाळिशीत नवऱ्याला न सांगता पोहायला शिकते, अशी गोष्ट. रोज चार वाक्यं. आधीची पाठ म्हणायची, मग पुढचं. कागद नाही, पेन नाही, वाचणारं कोणी नाही. आणि अशी घट्ट गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. आकडे मोजताना मी घाबरायचे. गोष्टीत गेले की घाबरायचे नाही.

पाचव्या दिवशी चौदा आले. मग अठरा. मला आयसीयूतून वॉर्डात हलवलं.

शेजारच्या खाटेवर दिंडोरीकडच्या आजी होत्या, पायाच्या जखमेसाठी. "काय पुटपुटती गं? जप करती का?"

"गोष्ट रचते, आजी."

"पेपरात येती का?"

"नाही. कोणालाच सांगत नाही."

"मंग कशाला जीव शिणवती?"

मी डोळे मिटून पुढचं वाक्य जुळवायला लागले. मग आजीच म्हणाल्या, "मी बी सुनेशी मनातल्या मनात भांडती. लय भारी भांडती. एक शब्द भाईर नाय." आणि खाट हलेपर्यंत हसल्या.

संपादकांनी हा अनुभव मात्र जरूर छापावा. मुंग्या आलेला एखादा माणूस वेळेत दवाखान्यात पोचेल. औषधाचा उपयोग घेणाऱ्याला व्हायला हवा, ते मला मान्य आहे. गोष्टीचं तसं नाही. तिचा उपयोग मला झाला, आणि मी काय माणूस नाही का?

फिजिओथेरपीच्या मॅडमनी माझ्या कार्डावर काय काय परत जमवायचं ते लिहिलं होतं: घास घेणे, बटण लावणे, सही करणे. मी म्हटलं, लिहिणे पण घाला. त्या म्हणाल्या, "सही आली की झालं की हो." मी हटले नाही. त्यांनी घातलं. पेन्सिलीला कापड गुंडाळून रोज बोटं वळवून घेतली. त्यांचे आणि त्या डॉक्टरांचे हात देवाचे, हे मी सगळ्यांना सांगते.

दीड महिन्याने तपासणीला गेले, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून पोहणाऱ्या बाईचं पहिलं वाक्य कागदावर उतरवलं. अर्धा तास लागला. अक्षरं ओळ सोडून खाली घसरलेली, काही एकमेकांवर चढलेली. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"काय लिहिलंय हो? वाचता येत नाहीये."

"मला येतंय, सर."