कमांडर व्हायची पाळी

"तू वाक," सर म्हणाले. मी वाकलो. समोरची भिंत डोक्यापेक्षा उंच. आधी सौरभचा बूट माझ्या पाठीवर आला, मग बाकीच्यांचे. सगळे पलीकडे गेले. तिकडे टाळ्या पडल्या. मी अलीकडेच, शर्टाची माती झटकत.

आम्ही कॉलेजातली एनसीसीची पोरं. रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, दर रविवारी सर आमचा सराव घ्यायचे. सैन्यात ऑफिसर व्हायचं तर निवडीच्या वेळी फळ्या, दोर, पिंपं घेऊन अडथळा पार करून दाखवावा लागतो. त्यात एकेकाने कमांडर व्हायचं. आपले मदतनीस निवडायचे, त्यांना हुकूम द्यायचे.

माझी पाळी कधी आलीच नाही. प्रत्येक जण मलाच मदतनीस घ्यायचा. उचलायला, वाकायला. माझं नाव जवळ आलं की सरांना घरी जायची घाई. सरावाची जागा सौरभच्या वडिलांची. त्यांच्याच आंब्याच्या बागेत माझे बाबा राखणीला. हे सगळ्यांना माहीत. मी आतल्या आत जळायचो आणि पुन्हा वाकायचो.

शेवटी एका रविवारी विचारलंच. सर हसले. "तुला कशाला कमांडर व्हायचंय? तू जवानांच्या भरतीला जा. तुझ्यासारखा सांगितलेलं ऐकणारा पोरगा मिळायचा नाही."

सौरभही हसला. जवान होण्यात कसला आलाय कमीपणा? आमच्या वाडीतले दोघे जवान आहेत, त्यांना बघूनच मला ही ओढ लागली. पण मी काय व्हायचं ते या लोकांनी का ठरवायचं? माझ्या बापाचं काम बघून?

लगेच पुन्हा भिंत. पुन्हा "वाक." सौरभने पाय उचलला. मी सरळ उभा राहिलो.

"आधी माझी पाळी. सौरभ, तू फळी धर."

कुणी हललं नाही. सौरभ सरांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"माज आलाय तुला," सर म्हणाले. "चालू लाग. परत इथे दिसू नकोस."

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. बाबा पडवीत बसून होते.

"मेल्या, तोंड कशाला चालवलंस? उद्या मालकांनी विचारलं तर काय सांगू मी?"

मला त्यांचा राग आला. दयाही आली. हा माणूस जन्मभर होय मालक, होय मालक करत आला. काम जाईल ही त्यांची भीती खरी होती. मलाही ती वाटत होती. तरी म्हणालो,

"सांगा, माझा पोरगा ऑफिसरच होणार. विचारलं तर सांगा. नाही विचारलं तरी सांगा."